गुडघ्याच्या सांध्याची नोंद जपा

माझ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांचे सांधे अकरा वर्षांपूर्वी मिरजेत बदलून कृत्रिम सांधे बसवले. आता उजवा गुडघा पुन्हा दुखू लागला आहे. नव्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सांधा कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा?" आमच्याकडे कागद नव्हता. जुन्या रुग्णालयातही नोंद सापडली नाही.

"पंधरा वर्षं टिकतो, मग पुन्हा ऑपरेशन" असे गावोगाव ऐकू येते. त्या भीतीने कितीतरी आज्या दुखणे अंगावर काढत राहतात. वास्तव इतके वाईट नाही. ऑस्ट्रेलिया व फिनलंडच्या नोंदवह्यांवरून 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे 82 टक्के 25 वर्षे टिकतात. अर्धा गुडघा बदलल्यास सुमारे 70 टक्के. पन्नाशीत शस्त्रक्रिया करणाऱ्यांना मात्र पुन्हा टेबलावर जावे लागण्याची शक्यता जास्त, कारण सांधा ढिला होणे, प्लास्टिकची झीज आणि जंतुसंसर्ग यांना अधिक वर्षे मिळतात.

हे आकडे तिथे कळतात, कारण तिथे प्रत्येक सांध्याची नोंद होते. आपल्याकडे 2017 मध्ये सांध्यांच्या किमतींवर मर्यादा आली, तेव्हाच बिलात कंपनीचे नाव व बॅच क्रमांक वेगळे लिहिण्याचेही बंधन घातले गेले. सांगली-मिरजेत कर्नाटकातूनही रुग्ण येतात. डिस्चार्ज देताना सांध्याच्या खोक्यावरील स्टिकर प्रत्येकाच्या फाईलमध्ये चिकटवून दिलाच पाहिजे. नातेवाइकांनीही तो मागून घ्यावा आणि त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली