डॉक्टर मॅडम, तुम्ही ‘गॅस असेल’ म्हणून सोडून दिलं नाहीत

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या कंपाउंडर काकांकडे बंद पाकिटात देता आलं असतं. पण पाळीच्या आधी अंगावर पाणी धरणं, पोट गच्च होणं, पाय जड होणं हा त्रास आमच्या दुकानातल्या कितीतरी जणी काढतात आणि एकमेकींनाही सांगत नाहीत. म्हणून चारचौघींना वाचता येईल असं लिहायचं ठरवलं. तुम्हाला विचारलं तेव्हा म्हणालात, “माझं नाव नको, बाकी सगळं लिही.” तसंच करते.

मी पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर साडीच्या दुकानात काउंटरला असते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सकाळी दहापासून रात्री दुकान बंद होईपर्यंत उभं राहायचं. युनिफॉर्मची साडी सगळ्यांना सारखी, सुळसुळीत, पोटाचा जरासा उभारही लपू न देणारी. पाळी आठवड्यावर आली की सकाळी नीट बसलेला परकर संध्याकाळी काचायला लागायचा. घरी जाऊन नाडी सोडली की कमरेभोवती लाल वळ, पावलांवर चपलेच्या पट्ट्यांचे खड्डे. अंगठी साबण लावूनही निघायची नाही. काटा दीड-दोन किलो जास्त दाखवायचा आणि पाळी सुरू झाली की चार दिवसांत ते वजन आपोआप उतरायचं.

यावर मिळालेली उत्तरं तुम्हाला नवी नसतील. ओवा खा. भात सोड. लग्नानंतर अंग सुटतंच. एकदा एक गिऱ्हाईक बाई पैठणी बघता बघता माझ्या पोटाकडे पाहून म्हणाल्या, “कितवा महिना?” आम्ही तेव्हा मुलासाठी प्रयत्न करत होतो. मी पदर उलगडून दाखवत होते, तो तसाच दाखवत राहिले.

तुमच्याकडे आले ती खरं तर कंबरदुखीसाठी. जाता जाता पायांचं बोलले, तर तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि मला परत बसवलंत. नडगीवर अंगठा दाबून थोडा वेळ धरलात, काढलात आणि खड्डा पडतो का, किती वेळ राहतो ते पाहिलंत. रक्तदाब घेतलात. लघवीतून प्रथिनं जातात का, हिमोग्लोबिन किती, थायरॉइड कसं आहे हे तपासायला लिहून दिलंत, पोटाची सोनोग्राफी करायला लावलीत. म्हणालात, “आधी हे पाळीचंच आहे ना ते बघू. पाळीच्या नावावर दुसरं काही खपून जायला नको.” इतकी वर्षं जे आम्ही हसण्यावारी नेत होतो त्यासाठी कुणी माझ्या पायाला हात लावून बघावं, याचंच मला त्या दिवशी भरून आलं होतं. तेव्हा काही बोलता आलं नाही, आज बोलते.

रिपोर्ट सगळे चांगले आले. मला वाटलं आता गोळी मिळणार. दुकानातल्या मैत्रिणीने मेडिकलमधून आणलेली लघवी होण्याच्या गोळ्यांची पट्टी मी पर्समध्ये घेऊनच आले होते. ती तुमच्यापुढे ठेवली, तर तुम्ही ती बाजूला सारलीत. अशा गोळीने पाणी जातं, पण सोबत पोटॅशियमही जाऊ शकतं आणि गोळी थांबवली की शरीर पुन्हा पाणी धरून बसू शकतं, हे शांतपणे समजावलंत. ज्यांना फार त्रास होतो त्यांना स्पायरोनोलॅक्टोन नावाचं औषध पाळीआधीच्या दिवसांपुरतं देतात, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि दिवस राहण्याची शक्यता असेल तर नाहीच, हेही तेव्हाच सांगितलंत. म्हणजे माझ्यासाठी ते नव्हतं.

मग औषधाऐवजी तुम्ही मला नोंदी ठेवायला लावलंत. लागोपाठ दोन पाळ्या, रोज रात्री झोपायच्या आधी. पोट, पाय, छाती, मन, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. वेगळी वही कुठे करू म्हटलं, तर तुम्हीच म्हणालात, कालनिर्णयवर लिही. आमच्याकडे त्याच चौकटींत दुधाचा हिशेब असतो. त्यामुळे दुधाच्या खाड्याशेजारी ‘पोट २, पाय ३’ असं लिहायला लागले. नवऱ्याने पहिल्यांदा विचारलं हे काय, तर त्यालाही समजावून सांगावं लागलं. पुढे मी दमून झोपून गेले की तो उठवून विचारायचा, आज पायाला किती?

दोन पाळ्यांनी ती पानं तुमच्या टेबलावर ठेवली आणि तुम्ही लाल पेनने पाळीच्या तारखांना गोल केलेत. तेव्हा दिसलं की पाळीनंतर आकडे जवळजवळ शून्यावर असतात, महिन्याच्या मध्यानंतर हळूहळू चढतात आणि सगळ्यांत मोठे आकडे पाळीच्या आदल्या दिवशी नाहीत, तर पहिल्याच दिवशी आहेत. मला वाटलं माझंच काहीतरी उलटं आहे. तुम्ही हसलात. कॅनडात व्हँकुव्हरला डॉ. जेरिलिन प्रायर यांच्या संशोधक गटाने ६२ बायकांच्या ७६५ पाळीचक्रांच्या रोजच्या नोंदी तपासल्या, २०११ साली ते छापून आलं, आणि त्यातही अंगावर पाणी धरल्याची भावना सर्वांत जास्त पाळीच्या पहिल्याच दिवशी होती, असं तुम्ही सांगितलंत. लक्ष्मी रस्त्यावरच्या माझ्या दुधाच्या हिशेबात तेच उतरलं होतं! तुम्हाला कल्पना नसेल, पण त्या एका गोष्टीने मला माझ्या अंगाबद्दल जेवढा विश्वास आला तेवढा कुठल्या औषधाने आला नसता.

असं का होतं, हे तुम्ही प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या कोऱ्या बाजूला काढून दाखवलं होतंत. तो कागद माझ्याकडे आहे. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं. त्याने आतड्यांची हालचाल मंदावते, म्हणून गॅस आणि बद्धकोष्ठता. मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला सांगणारं अल्डोस्टेरॉनही याच दिवसांत वाढतं, आणि मीठ अंगात राहिलं की पाणीही राहतं. पाळी सुरू झाल्यावर प्रोस्टाग्लँडिन्स नावाच्या रसायनांमुळे काहींना उलट जुलाबासारखं होतं. पण एवढं सांगून झाल्यावर तुम्ही पेन थांबवून म्हणालात, “हे सगळं खरं असलं तरी गणित पूर्ण सुटलेलं नाही. त्या कॅनडाच्या नोंदींत हार्मोनची पातळी आणि फुगल्याची भावना यांचा थेट मेळ बसला नव्हता.” पेशंटला एवढं प्रामाणिकपणे सांगणारे डॉक्टर मी फार पाहिलेले नाहीत.

मिठाचं तर तुम्ही माझ्याकडूनच काढून घेतलंत. सकाळपासून काय खाल्लं ते सांग, एवढंच म्हणालात. डब्यात पोळीभाजी, लोणच्याची फोड, भाजलेला पापड. चार वाजता चहाबरोबर फरसाण. गर्दी असली की वडापाव. रात्री पोट फुगलं म्हणून मीठ घातलेलं ताक, नाहीतर गॅसवरचं फसफसणारं चूर्ण. तुम्ही एकेका पदार्थापुढे टिंब देत गेलात. पापडात मीठ आणि वर पापडखार, आणि त्या चुरणातला सोडा म्हणजेही सोडियमच, हे मला माहीत नव्हतं. सैंधव आणि काळं मीठ हेही शेवटी मीठच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगते, म्हणजे सगळ्या जेवणखाणाचं मिळून चहाचा सपाट चमचाभर. तुम्ही अळणी खायला लावलं नाहीत. पाळीआधीच्या त्या दिवसांत लोणचं, पापड, फरसाण ताटाबाहेर, बाकी घरच्यासारखं. फुटाणे आणि केळं पर्समध्ये. गुरुवारच्या उपवासाला साबुदाण्याऐवजी वरई आणि राजगिरा, कारण साबुदाण्यात चोथा जवळपास नसतो आणि आधीच मंदावलेलं पोट त्याने आणखी जड होतं. कंबरदुखीची जी गोळी मी येता-जाता घ्यायचे, त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांनीही मूत्रपिंड मीठ-पाणी धरून ठेवू शकतं, हेही तेव्हाच कळलं.

कॅल्शियमचं थोडक्यात. १९९८ साली अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्यांचा पाळीआधीचा त्रास तिसऱ्या चक्रापर्यंत ४८ टक्क्यांनी उतरला होता. पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचाही ३० टक्क्यांनी उतरला होता, हे तुम्ही लगेच जोडलंत. म्हणून आशा ठेवावी पण चमत्कार समजू नये. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेव्हा सकाळची आंबील सुरू झाली, आणि उरलेल्यासाठी तुम्ही लिहून दिलेली गोळी.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र आहे ते सांगते. पाणी भरपूर पी, असं सगळेच डॉक्टर सांगतात. तुम्ही विचारलंत, “तू पीत का नाहीस?” आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. दुकानात बायकांचं स्वच्छतागृह वरच्या मजल्यावर, गिऱ्हाईक समोर असताना काउंटर सोडायचा नाही, म्हणून आम्ही सगळ्याच पाणी टाळायचो. पाणी कमी प्यायल्याने सूज उतरत नाही, उलट शौचाला कडक होतं आणि लघवीची जळजळ मागे लागते. आणि तासन् तास एका जागी उभं राहिलं की पायांच्या शिरांतलं रक्त वर चढायला जड जातं, घोट्याशी पाणी उतरतं. त्यात पाळीआधी अंगावर धरलेलं पाणी भर घालतं. हे सगळं मला सांगून तुम्ही थांबला नाहीत. लेटरहेड ओढलंत आणि मालकांच्या नावे लिहिलंत की हिला कामाच्या वेळेत पाणी पिण्याची व स्वच्छतागृहात जाण्याची मोकळीक असावी आणि दर दोन तासांनी थोडा वेळ बसू द्यावं. खाली सही, शिक्का.

ती चिठ्ठी देताना माझा हात थरथरत होता. तुम्ही धीर द्यायला सांगितलं होतंत की केरळमध्ये कापडाच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांनीच बसण्याच्या हक्कासाठी आवाज उठवला, कोळिकोडच्या बायका त्यात पुढे होत्या, आणि २०१८ साली तिथल्या सरकारला कायद्यात बदल करावा लागला. २०२१ला तमिळनाडूनेही तसा कायदा केला. माझ्यासारख्याच, साड्या उलगडणाऱ्या आणि घड्या घालणाऱ्या बायका त्या! हे डोक्यात ठेवून मी मालकांच्या केबिनमध्ये गेले. मालकांनी चिठ्ठी वाचली आणि चष्मा काढून विचारलं, “सगळ्यांनाच होतं का असं?” मी हो म्हटलं. पुढच्या सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, काउंटरच्या मागे स्टुलं आली. एकट्या माझ्यासाठी नाही, सगळ्यांसाठी. आता गिऱ्हाईक नसलं की आम्ही बसतो, आळीपाळीने वर जाऊन येतो, आणि उभ्या असलो तरी काउंटरआड टाचा वर-खाली करत राहतो, तुम्ही शिकवल्या तशा. पोटरी आवळली की रक्त वर ढकललं जातं. रात्री पाय उशीवर.

सूज पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. पहिल्या दिवशी पायापुढे अजून कधीतरी २ लिहिते. पण ३ लिहिल्याला बरेच महिने झाले, आणि अंगठी आता महिनाभर बोटात फिरते. तो आकडा का आला आणि कधी उतरणार हे ठाऊक असलं की मन घाबरत नाही, चिडत नाही. ब्लाऊजच्या मापाचंही एक आहे. नवरी मुलगी बस्त्याला आली की मी तिला बाजूला घेऊन सांगते, पाळीच्या आधीच्या आठवड्यात ब्लाऊजचं माप देऊ नकोस, आणि शिवणाऱ्या ताईंना आत दोन बोटं माया ठेवायला सांग. तिच्या आईला ते जास्त पटतं.

तुम्ही बजावलेलं मी सगळ्यांना सांगत असते, इथेही लिहून ठेवते. पाळी संपली तरी सूज उतरत नसेल, सकाळी उठल्यावर तोंड सुजत असेल, एकच पाय सुजून दुखत असेल, चालताना धाप लागत असेल तर ते पाळीवर ढकलायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं. पाळी गेलेल्या बाईचं पोट आठवडेच्या आठवडे रोज फुगलेलं राहत असेल, थोडं खाल्लं तरी भरत असेल, तर ओवा-हिंगात वेळ न घालवता अंडाशयाची तपासणी करून घ्यायची. हे ऐकून मी सासूबाईंना तुमच्याकडे घेऊन आले होते. त्यांचं सगळं ठीक निघालं, पण निघाल्यावर त्या जिन्यात म्हणाल्या, “मला आयुष्यात कुणी विचारलंच नव्हतं गं.”

आमच्या काउंटरवरच्या तिघींनी कालनिर्णयवर लिहायला सुरुवात केली आहे. त्यातली सर्वांत धाकटी भोरहून येते, तिला या महिन्यात दुसरी पाळी पूर्ण होईल. सोमवारी तिला घेऊन येते. ती फार लाजते, तेव्हा आधी कंबरदुखीचंच सांगेल. तुम्ही ओळखालच.

आपली कृतज्ञ,
साडीच्या काउंटरवरची