शांतियात्रेतल्या सतरा जागांसाठी आवाहन

मंडळीतील सर्व बंधुभगिनींना आणि साताऱ्यातल्या आमच्या शेजाऱ्यांना प्रभू येशूच्या नावात सलाम.

येत्या जानेवारीत, ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थना सप्ताहात (18 ते 25 जानेवारी), आपल्या मंडळीची शांतियात्रा निघते आहे. शुक्रवारी पहाटे पाचला चर्चच्या आवारातून निघायचं आणि सालप्याचा घाट, लोणंद, नीरा, मोरगाव, सुपे असं करत दुपारपर्यंत केडगाव गाठायचं. शनिवारी दौंडवरून अहिल्यानगर. रविवारची उपासना तिथल्या मंडळीबरोबर करून रात्री घरी. गाडी 42 जागांची आहे. 25 जणांनी आपले पैसे भरले. उरलेल्या 17 जणांना भरणं जमत नाही. त्यांच्या जागांच्या पैशांसाठी हे पत्र आहे.

या सतरा जागांची गोष्ट मला जरा मागून सांगावी लागेल, कारण त्यात चूक माझीही आहे.

तीन वर्षांपूर्वी आपण अशीच यात्रा काढली होती. उपासनेनंतर जाहीर केलं तेव्हा सगळ्या बाकांवरून हात वर झाले. पैसे भरायच्या रविवारी मात्र निम्मी नावं गळाली. कुणाकडे पाहुणे यायचे होते, कुणाला सुट्टी मिळत नव्हती, आणि बऱ्याच जणींचे गुडघे दुखत होते. मी सगळं खरं मानलं. सचिव म्हणून यादीत त्यांच्या नावापुढे ‘तब्येत’ असं लिहूनही टाकलं. पुढे उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीनची भक्ती चालू असताना माझ्या पुढच्याच बाकावर त्यांतल्या एक मावशी होत्या. येशूने क्रुसावरून काढलेल्या सातही उद्गारांच्या प्रार्थनेला त्या खाली फरशीवर गुडघे टेकत होत्या आणि बाकाला हात न लावता उठत होत्या. चौथ्या उद्गाराच्या सुमारास माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. पैसे नव्हते.

देवळात येऊन खोटं बोलायची पाळी आपण माणसांवर आणली, तीही यात्रेच्या नावाखाली. या वेळी पंचांच्या बैठकीत पहिला ठराव तोच झाला: आधी जागा, मग पैसे. ज्याला यायचं आहे त्याने फक्त नाव द्यायचं. भरू शकतो की नाही, हे खजिनदारांच्या कानात सांगायचं. त्या सतरा जणांची नावं खजिनदारांखेरीज कुणाला माहीत नाहीत, मलाही नाहीत. कृपा करून कुणी विचारू नये. एवढं सांगतो की त्यांत धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या आहेत, एमआयडीसीत कंत्राटावर असलेले आहेत आणि निराधार योजनेच्या पैशावर महिना काढणारी म्हातारी माणसं आहेत.

केडगावच का, असं तरुण संघातल्या एकाने विचारलं. त्याला महाबळेश्वर जवळचं वाटत होतं, आणि स्ट्रॉबेरीचा हंगामही असतो म्हणाला! त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. पंडिता रमाबाई लहानपणी आईवडिलांबरोबर तीर्थामागून तीर्थ करत पायी हिंडल्या. दुष्काळात त्यांनी आईवडील गमावले. पुढे मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावचा त्यांचा आश्रम, मुक्ती सदन, त्या मुलींनी भरला. तिथल्या छापखान्यात या मुली छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवायला शिकल्या, आणि रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल त्यांच्याच हातून छापलं गेलं. 5 एप्रिल 1922 रोजी बाई गेल्या. ज्या मावशीला अक्षर लावून लावून वचन वाचावं लागतं, तिला ही जागा दाखवायची आहे.

अहिल्यानगरचं नातं तर आपल्या जिल्ह्याशीच आहे. अमेरिकन मराठी मिशनचं काम तिथे 1831 मध्ये सुरू झालं, आणि त्याच साली आपल्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावात सावित्रीबाईंचा जन्म झाला. पुढे शिक्षिका होण्याचे धडे त्यांनी नगरलाच याच मिशनच्या फरारबाईंकडे घेतले. बसमध्ये हे सांगायचं काम संडे स्कूलच्या मोठ्या मुलींकडे दिलं आहे.

आता शांतीच्या प्रार्थनेबद्दल. सातारा हा फौजींचा जिल्हा. युद्धाची बातमी इथे टीव्हीवरून नाही, फोनवरून येते. 2025 च्या मे महिन्यात सीमेवर तोफा धडधडल्या, त्या आठवड्यातल्या रविवारी पाळकसाहेबांनी मध्यस्थीच्या प्रार्थनेत ‘सीमेवरच्या आमच्या लेकरांसाठी’ म्हणताच एका बहिणीने पदराआड मोबाइल उघडला. उपासनेत मोबाइल बंद ठेवायचा आपला नियम कडक आहे, दारावर पाटीही आहे. त्या दिवशी कुणी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. ‘अमेन’ झाल्यावर तिने शेजारणीला हळूच सांगितलं, “निळी खूण आली.” मुलाने मेसेज वाचला होता.

म्हणून यात्रेच्या आदल्या रविवारी दुपारी आपण अपशिंगे मिलिटरीला जाणार आहोत. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले. तिथल्या स्मारकासमोर उभं राहून प्रार्थना करायची. भाषण कुणाचंही नाही.

कुणाकुणासाठी प्रार्थना करायची, त्या कागदावरून बैठकीत थोडी वादावादी झाली, ती लपवत नाही. पलीकडच्या सैनिकांसाठीही प्रार्थना करायची का, असा प्रश्न निघाला. दोघांचा ठाम विरोध होता. आपले निवृत्त सुभेदारसाहेब तोवर गप्प बसले होते. ते म्हणाले, “दुर्बिणीतून मी त्यांना चहा करताना बघितलंय, बनियन वाळत घालताना बघितलंय. घाला त्यांना पण कागदावर.” कागदावर घातले.

यात्रा फक्त ख्रिस्ती लोकांसाठी आहे का, असंही शेजारच्या काहींनी विचारलं. अजिबात नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये याच साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले त्यात एकत्रच बसत. आपल्या बसमध्येही तसंच असेल. कॅथलिक चर्चमधली सहा माणसं येत आहेत, आणि पेटी वाजवायला येणारे गुरुजी तर पंढरीचे वारकरी आहेत. आमच्या भजनी मंडळाचा ताल चुकतो, हे त्यांचं मत आहे आणि ते खरं आहे.

हिशोब असा. गाडीभाडं, डिझेल, टोल आणि चालकाचा भत्ता मिळून 38,000 रुपये. दोन मुक्काम आणि जेवणखाण माणशी 600 प्रमाणे 25,200. औषधं, पाणी, किरकोळ 4,000. एकूण 67,200, म्हणजे माणशी 1,600. सतरा जणांचे 27,200 होतात. त्यांपैकी 9,500 हंगामाच्या सणाला लोकांनी आणलेल्या जिनसांच्या लिलावातून जमले आहेत. त्या लिलावात एका आजीबाईंनी आणलेला लाल भोपळा चार वेळा विकला गेला. जो घेई तो पुन्हा टेबलावर ठेवी. शेवटी तो पाळकसाहेबांच्या घरी गेला आणि पुढच्या रविवारी घाऱ्या होऊन परत आला. म्हणजे आता कमी पडतात ते 17,700.

गाडीभाडं जास्त वाटेल. गेल्या वेळी स्वस्तातली गाडी ठरवली होती. ठरली 42 जागांची, आली 35 जागांची, आणि सालप्याच्या घाटात रेडिएटर उकळून बसली. दोन तास आपण रस्त्याकडेला, म्हातारी माणसं सतरंजीवर. एका मेंढपाळाने स्वतःच्या कॅनमधलं पाणी दिलं, आधी माणसांना आणि मग गाडीला. मालकाने पैसे परत दिले नाहीत ते नाहीतच, वर पुढच्या यात्रेलाही आपल्यालाच सांगा म्हणाला. या वेळी गाडी मंडळीतल्या दोघांनी स्वतः जाऊन, टायर बघून ठरवली आहे.

एका माणसाचे 1,600 देता आले तर उत्तम. शंभर दिले तरी पावती मिळेल. रक्कम रविवारी उपासनेनंतर खजिनदारांकडे रोख द्यावी किंवा चर्चच्या सूचनाफलकावरच्या कोडवर मोबाइलने पाठवावी. शेवटची तारीख 10 जानेवारी. देणाऱ्यांची नावं वेदीवरून वाचली जाणार नाहीत. या देणगीला 80-जीची करसवलत मिळत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांकडून कृपया पैसे मागवू नका. 2010 च्या परकीय देणगी कायद्याखाली आपली नोंदणी नाही, त्यामुळे ते घेता येणार नाहीत. जास्त जमले तर उरलेली रक्कम पुढच्या यात्रेसाठी वेगळी ठेवू आणि हिशोब फलकावर लावू.

पैसे नसले तरी देण्यासारखं बरंच आहे. जानेवारीची थंडी आहे, म्हणून दहा-बारा ब्लँकेट्स उसनी हवी आहेत. पहिल्या दिवसाची शिदोरी हवी: चपात्या, शेंगदाण्याची चटणी, दशम्या. घडीची व्हीलचेअर एक मिळाली आहे, आणखी एक लागेल. मंडळीत नर्सचं काम करणाऱ्या तिघी आहेत, त्यांतल्या एकीने तीन दिवस रजा काढून बरोबर यावं ही विनंती.

आणि गुडघ्याला लावायचं मलम, तीन-चार ट्यूबा. कारण यादीत काही गुडघे खरोखरच दुखणारे आहेत, माझे धरून.

आपले नम्र,
सचिव आणि पंच,
सातारा