मी नुसती उघडून बघितली

तासगाव
रविवार, संध्याकाळ

प्रिय मीनल,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, की फाइल कशात उघडायची हे ठरवताना माणसं नेमकी कुठे अडतात. कॉम्प्युटर क्लासची पोरं दारात उभी होती म्हणून मी तुला दोन वाक्यांत वाटेला लावलं. पण तू त्या फाइल मॅनेजरचं, म्हणजे फोल्डर आणि फाइली दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचं, काम अंगावर घेतलंयस, तर मला इथे रोज जे दिसतं ते तुला नीट सांगायलाच हवं. म्हणून आज निवांत बसून लिहितेय.

आमच्या विकास सोसायटीचे सचिव आप्पा तुला आठवत असतील. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या पुतणीने माझ्या क्लासमध्ये बसून सोसायटीच्या सभासदांची यादी टाइप केली. पंधरा दिवस रोज दुपारी यायची. सभासद क्रमांक, नाव, गट क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक. नावं सगळी मराठीत, युनिकोडमध्ये. लिब्रेऑफिस या मोफत प्रोग्रॅममध्ये काम केलं आणि पुढे अपलोड करायला लागेल म्हणून सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल, करून पेन ड्राइव्हवर दिलं. दुसरी प्रत ठेवायची राहून गेली.

आप्पांनी ऑफिसात जाऊन पेन ड्राइव्ह लावला आणि फाइलवर डबल-क्लिक केलं. ती उघडली भलत्याच स्प्रेडशीट प्रोग्रॅममध्ये. नावांच्या रकान्यात डोक्यावर तिरकी रेघ घेतलेले इंग्रजी ए आणि चार कोपऱ्यांना पाय फुटलेली वर्तुळं, ओळीच्या ओळी. ००४१२ चं ४१२ झालेलं. गट क्रमांक १२/३ होता तिथे १२ मार्च. चौदा आकडी खाते क्रमांकांत मधेच ई अक्षर घुसलेलं. आप्पांना वाटलं, फाँट नाही म्हणून असं दिसतंय. इतकी वर्षं मराठी फाँटांनी आपल्याला तीच सवय लावलीय. त्यांनी नावांचा रकाना जरा रुंद करून पाहिला, काही फरक पडेना, मग फाइल बंद केली. मशीनने विचारलं, बदल जतन करू का? त्यांनी हो म्हटलं.

संध्याकाळी ते पेन ड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आले. नावं मी कशीबशी परत मिळवली. पण तारखा झालेले गट क्रमांक आणि खात्यांचे शेवटचे आकडे पुसलेच गेले होते. दोन रात्री मी रजिस्टर वाचून दाखवत होते, पुतणी टाइप करत होती, आणि आप्पा समोर बसून एकच म्हणत होते, "मी नुसती उघडून बघितली गं."

तुझं काम या वाक्यापासून सुरू होतं असं मला वाटतं. आप्पांच्या लेखी उघडणं म्हणजे बघणं. कपाटाचं दार उघडलं म्हणून आतली कागदपत्रं बदलत नाहीत. तीच फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडली असती तर आधी अक्षरांची पद्धत विचारली गेली असती, आणि गट क्रमांकाचा रकाना मजकूर म्हणूनच घे असं तिथल्या तिथे सांगता आलं असतं. त्या मशीनवर लिब्रेऑफिस होतंही, मीच टाकलेलं. ओडीएस आणि एक्सएलएसएक्स या स्प्रेडशीटच्या फाइली मी त्याला जोडल्या होत्या, म्हणजे डबल-क्लिक केलं की त्यातच उघडतील असं केलं होतं. सीएसव्ही वेगळं जोडावं लागतं, ते सुटलं. आणि हे काही आपल्या गावापुरतं नाही. जनुकांची अधिकृत नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये 'मार्च १', 'सेप्ट १' अशी नावंच बदलून टाकली, कारण स्प्रेडशीट त्यांच्या तारखा करून ठेवत होती.

मग प्रश्न असा, की मी तीन जोडण्या एकदम का करू शकले नाही? कारण सगळीकडे यादी असते ती एक्स्टेन्शनची, म्हणजे फाइलीच्या नावाच्या शेवटी असलेल्या शेपटीची. आणि एक्स्टेन्शन तर लोकांना दिसतच नाही, विंडोज ते मुळात लपवूनच ठेवतं. (मे २००० मधला तो 'आय लव्ह यू' व्हायरस याच लपवाछपवीवर पसरला. नाव टीएक्सटीवर संपल्यासारखं दिसायचं, खरी शेपटी व्हीबीएसची, म्हणजे चालणाऱ्या प्रोग्रॅमची, असायची.) जे कधी पाहिलंच नाही त्याच्या शंभर नावांच्या यादीतून माणसाने काय निवडायचं? ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा ब्राउजर बदलायचा तरी एचटीएम, एचटीएमएल, एचटीटीपी, एचटीटीपीएस अशा एकेका नावावर जाऊन बदलावं लागायचं. क्लासमध्ये शिकवताना मी ते फळ्यावर लिहून द्यायचे, तरी निम्म्या बायका तिसऱ्या नावाशी थांबायच्या. पुढे २०२२ च्या मार्चमध्ये एक बटण आलं, एका दाबात काम होणारं. मला तेव्हा फार बरं वाटलं. तसंच बटण स्प्रेडशीटच्या सगळ्या गोतावळ्याला दे ना. 'हिशेबाच्या सगळ्या फाइली यातच उघड' असं एकदा सांगितलं की सीएसव्हीही त्यात यायला हवं.

सोपं करायचं म्हणजे कुणालाही दार मोकळं ठेवायचं, असं मात्र नको. मागे एका दुकानातून आलेल्या मशीनवर कुठलासा फुकटचा प्रोग्रॅम टाकला, आणि त्याने न विचारता गाणी, फोटो, पीडीएफ सगळं स्वतःच्या नावावर करून घेतलं. विंडोज ८ पासून माणसाची निवड एका हॅशसकट, म्हणजे परस्पर बदल केला तर पकडणाऱ्या खुणेसकट, नोंदवली जाते, ती याच घुसखोरीपायी, आणि ते मला पटतं. पण खुद्द सिस्टिमनेच ती निवड मोडली तर? विंडोज १० आलं तेव्हा अपग्रेड करताना लोकांची जुनी निवड बाजूला पडते म्हणून फायरफॉक्स ब्राउजर बनवणाऱ्या मोझिलाचे तेव्हाचे प्रमुख ख्रिस बीअर्ड यांनी मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेला यांना उघडं पत्र लिहिलं होतं, जुलै २०१५ मध्ये. एकदा माणसाने ठरवलं की ते मोडायचा हक्क फक्त त्याचाच. यावर मी तुझ्याशीही भांडेन.

तुमच्याकडे लिनक्सवर, विंडोजऐवजी वापरतात त्या मोफत सिस्टिमवर, एक गोष्ट मला मनापासून आवडते. सगळी निवड 'माइमअ‍ॅप्स डॉट लिस्ट' नावाच्या एका साध्या फाइलीत असते, वाचता येते, जपून ठेवता येते. पण ती मला वाचता येते, आप्पांना नाही. ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये वेब, मेल, कॅलेंडर, संगीत, व्हिडिओ, फोटो एवढ्यांचीच सोय मी पाहत आलेय. आमच्या भागातली माणसं ज्यावर अडतात ते पीडीएफ आणि हिशेबाची पानं त्यात कुठेच नाहीत. क्लासमधल्या एका मशीनवर नवा कोड एडिटर टाकला तर दुसऱ्या दिवसापासून फोल्डरसुद्धा त्यातच उघडायला लागले. पोरांना वाटलं मशीन बिघडलं.

पीडीएफवरून आठवलं, 'नेहमी यातच' एवढंच बटण पुरत नाही. ई-आधार घे. नुसतं वाचायचं तर ब्राउजरमध्ये चालतं, पासवर्ड टाकला की उघडतं. पण डिजिटल सहीवरचं ते पिवळं प्रश्नचिन्ह तिथे तसंच राहतं. सही तपासून हिरवी बरोबरची खूण आणायची तर फाइल अ‍ॅडोब रीडरसारख्या प्रोग्रॅममध्ये उघडावी लागते. तालुक्याहून परत पाठवलेली माणसं माझ्याकडे घाबरून येतात, आधार खोटं निघालं की काय म्हणून. तेव्हा 'आत्ता एकदाच' आणि 'नेहमी' ही दोन्ही बटणं शेजारी शेजारी, सारख्याच आकाराची असू देत. आणि 'नेहमी' दाबल्यावर, चुकलं तर परत कुठून बदलायचं, ते तिथेच एका ओळीत लिही. लोक 'नेहमी' दाबायला कचरतात, कारण परतीचा रस्ता दिसत नाही.

शेवटचं शब्दांबद्दल. 'पूर्वनिर्धारित अनुप्रयोग' असं मराठीत भाषांतर करून ठेवलेलं असतं. मीनल, मी एकवीस वर्षं शिकवतेय, हा शब्द कुणाच्याही तोंडून ऐकला नाही. लोक 'डिफॉल्ट' म्हणतात, नाहीतर सरळ 'कायम यातच उघडू दे' म्हणतात. तू मराठी ओळी स्वतः तपासणार आहेस ना? मग प्रश्न असा ठेव: 'ही हिशेबाची फाइल आहे. कशात उघडू?' बस. एवढं वाचलं असतं तर आप्पा थांबले असते, आणि मला फोन केला असता.

ऋषिपंचमीला रथोत्सवाला येतेयस ना? येताना तुझा लॅपटॉप घेऊन ये, जे काही अर्धंमुर्धं तयार असेल ते. आप्पांना मी बोलावून ठेवते. यादीची एक जादा प्रत त्यांच्यापुढे ठेवू, त्यांना डबल-क्लिक करू दे, आणि आपण दोघी मागे गप्प उभ्या राहू. पुतणी आता नर्सिंगला सांगलीला असते, तिलाही यायचंय.

आईला माझा नमस्कार सांग.

तुझी,
वैशाली