साइट नंबर 14च्या लोहारकाकांना

लोहारकाका,

हे नाव माझ्या बायकोने ठेवलंय. तुम्हाला ते माहीत नाही आणि हे पत्रही तुम्हाला वाचता येणार नाही. तरी मराठीतच लिहितोय. इंग्रजीत ‘थँक यू’ म्हटलं की तुम्ही ‘यू बेट’ म्हणून हात झटकता आणि विषय संपतो. मला तो इतक्यात संपवायचा नाहीये.

आमची फिफ्थ-व्हील 34 फुटी. पिकअपच्या हौद्यातल्या कपलिंगवर नाक टेकवून चालणारं, चाकांवरचं घर. निवृत्तीनंतर दोघांनी हौसेने घेतलं आणि मागे दोन इलेक्ट्रिक सायकली टांगायच्या ठरवल्या. जिथून गाडी घेतली तिथल्या सेल्समनने बंपरवर थाप मारून सांगितलं, “सगळे इथेच लावतात.” बंपर कसला, पातळ पत्र्याचा चौकोनी नळा. लोक त्यात मैल्याचा पाइप कोंबून ठेवतात. त्यावर स्टँड धरून 80 किलो वजन!

आय-40 हायवेवर टेक्सासातल्या ॲमरिलोहून पश्चिमेला येताना मागच्या ट्रकवाल्याने दिवे मारमारून थांबवलं. एका बाजूचं वेल्डिंग उकललं होतं, सायकली डांबराला टेकायला चार बोटं उरली होती. मागे एखादा मोटरसायकलवाला असता तर? त्या विचाराने अजून झोपमोड होते. सेल्समनला फोन केला तर म्हणतो, बंपरवर वजन लादू नका असं पुस्तकात लिहिलंय की! दुसऱ्या एका वर्कशॉपने पाच आठवड्यांनंतरची तारीख दिली, आणि काही झालं तर जबाबदारी आमची अशा कागदावर आधी सही मागितली.

मग न्यू मेक्सिकोतल्या टुकमकेरीत, अशी चाकांवरची घरं उभी करायच्या पार्कात तुम्ही भेटलात. शेजारच्या साइटवर, निवृत्त वेल्डर.

खरं सांगू, मला हे काम किरकोळ वाटलं होतं. मी सांगलीकडचा. आमच्याकडे उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावतात, म्हणजे पहिल्या ट्रॉलीच्या ढुंगणाला हूक असतोच. तुम्ही मात्र अर्धा तास गाडीखाली पडून राहिलात, बाहेर आलात आणि काठीने मातीत सी-सॉ काढलात. चाकं मध्ये, लांब शेपूट मागे. शेपटीवर वजन टाकलं की पिकअपवर टेकलेलं नाक हलकं होतं, आणि प्रत्येक खड्ड्याला शेपूटच सगळ्यात जास्त उडतं. म्हणून बंपरला हात लावायचा नाही, रिसीव्हर, म्हणजे स्टँड खोचायचा चौकोनी नळा, चासीच्या दोन मुख्य गर्डरना बांधायचा, मागच्या कपाटातलं जड सामान पुढे न्यायचं आणि रिसीव्हरवर सायकलींखेरीज काही लावायचं नाही. “मागे ओढायला बोट नाही, कार्ट नाही,” असं दोनदा बजावलंत. मला तर ट्रॉलीच आठवत होती, त्यामुळे बजावलंत ते बरंच केलंत.

पण हे पत्र त्या दोन इंची नळासाठी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन घेऊन आलात. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायची, पार्कचा वीजेचा प्लग उपटायचा, नाहीतर आतली सर्किटं जळतात. तुमचा हात प्लगवर होता. तो तिथेच थांबला आणि तुम्ही विचारलंत, “फ्रिजमध्ये औषध आहे का?”

होतं. हिच्या इन्सुलिनचा तीन महिन्यांचा साठा. आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं! तुम्ही काही न बोलता तुमच्या गाडीतून निळा आइसबॉक्स आणलात, तळाला बर्फ घातलात. मग खिशातून घडी केलेला लाल चौकड्याचा रुमाल काढून इन्सुलिनची पेनं त्यात गुंडाळलीत. बर्फाला टेकली तर गोठतात, गोठली की वाया. हे कुठल्या वेल्डरला ठाऊक असतं? “बारा वर्षं आमच्या फ्रिजच्या दारात हेच होतं,” एवढंच म्हणालात आणि काच डोळ्यांवर ओढलीत. तुमच्या दाराशी एकच खुर्ची होती. आम्ही पुढे काही विचारलं नाही.

मजुरी चोख घेतलीत, तेही आवडलं मला. फुकट केलं असतंत तर संकोच वाटला असता. गंमत बघा, ज्यांना आम्ही हजारो डॉलर मोजले त्यांना आमची गाडी दिसली, आणि तुम्हाला गाडीत राहणारी माणसं दिसली. अशी माणसं आहेत म्हणून या वयात, मुलखापासून एवढ्या लांब हिंडायची हिंमत होते.

दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमची रीत. घरात गोड नसतं, म्हणून हिने तुमच्या आइसबॉक्समध्ये चिवडा भरून दिला. तुम्ही तो चमच्याने खाल्लात, आणि त्यातली मिरची निवडून खुर्चीच्या हातावर ओळीने मांडून ठेवलीत.

रिसीव्हर एरिझोनापर्यंत तसूभर हलला नाही. रुमाल मात्र आमच्याकडेच राहिलाय. धुऊन, घडी करून फ्रिजच्या वर ठेवलाय. मार्चमध्ये परतताना टुकमकेरीत थांबतो. यंदा चिवड्यात मिरची नसेल.

तुमचा,
सायकलवाला शेजारी