कॅमोगीचा गुणफलक पुरता छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आयर्लंडमधील महिलांच्या कॅमोगीचा (काठी-चेंडूचा सांघिक खेळ) निकाल क्रीडापानावर देताना १-१४ हा आकडा तसाच सोडू नये. पहिला आकडा गोलांचा, दुसरा सुट्या गुणांचा. चेंडू गोलखांबांमधल्या आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला की गोल, त्याचे ३ गुण. वरून गेला की १. म्हणजे १-१४ चे झाले १७. याच हिशेबाने २-८ चा संघ ०-१३ ला एका गुणाने हरवतो, आणि बातमीत मात्र उलटेच वाचले जाते! कंसात बेरीज द्यावी, एवढेच.

लीग आणि उन्हाळ्यातली ऑल-आयर्लंड अजिंक्यपद या स्पर्धाही वेगळ्या. लीग हिवाळा सरताना, ओल्या जड मैदानांवर. तिथे चेंडू उसळत नाही, काठ्यांची झटापट वाढते, म्हणून तेव्हाच्या गुणसंख्येवरून उन्हाळ्याचे भाकीत करणे धोक्याचे. (२०२५ मध्ये गॉलवे परगण्याच्या संघाने कॉर्क परगण्याच्या संघाला दोन्ही स्पर्धांत हरवले, ही गोष्ट निराळी.)

त्याच हंगामातील पोशाखाचा वादही अर्धाच छापला जातो. खेळाडूंना स्कॉर्टची (वरून स्कर्टसारखी दिसणारी चड्डी) सक्ती होती. २२ मे २०२५ रोजी कॅमोगी संघटनेच्या विशेष अधिवेशनात ९८ टक्के मतांनी शॉर्ट्सची मुभा मिळाली. स्कॉर्टवर बंदी नाही, निवड खेळाडूची.

एक नियमित वाचक, पुणे