गाठ गोंदवण्याआधी

डब्लिन,
रविवार

प्रिय सुहास,

तू पाठवलेली सगळी डिझाइन्स पाहिली. दंडाभोवती गाठींचा पट्टा, मनगटावर तीन टोकांची गाठ, पाठीवर वर्तुळातला क्रॉस, आणि प्रत्येकाखाली एकेक अर्थ लिहिलेला: अनंतत्व, कुमारी-माता-वृद्धा, योद्ध्याचं बळ. 'तू तिथेच राहतोस, तर हे अर्थ खरे आहेत का सांग' म्हणालास. आधीच सांगून टाकतो: नक्षी जुनी आहे, पण खालचे अर्थ बहुतेक अलीकडे डकवलेले आहेत.

इथल्या ट्रिनिटी कॉलेजात 'बुक ऑफ केल्स' आहे. साधारण इ. स. ८००च्या सुमाराचं, बायबलातल्या चार शुभवर्तमानांचं हस्तलिखित. वासरांच्या कातड्यावर लिहिलेली ६८० पानं. काचेच्या पेटीत एखादंच पान उघडं असतं, ते पाहायला ही गर्दी. त्यातलं ख्रिस्ताच्या नावाचं एक पानभर अक्षर असं आहे की नाक काचेला लावलं तरी नक्षी संपत नाही. मध्येच मांजरं आणि उंदीर, खाली मासा धरलेलं पाणमांजर. हे काढणाऱ्या भिक्षूंना विनोदाचं वावडं नव्हतं.

गंमत अशी की तू ज्याला 'केल्टिक गाठ' म्हणतोस ती ख्रिस्तपूर्व केल्टांच्या, म्हणजे इथल्या नि युरोपातल्या प्राचीन लोकांच्या, कलेत जवळपास नाहीच. त्यांच्याकडे वेटोळी आणि वळसे भरपूर. वर-खाली गुंफलेले पेड मात्र रोमन फरश्यांवर, इजिप्तच्या कॉप्टिक (तिथल्या ख्रिश्चनांच्या) कलेत, जर्मॅनिक टोळ्यांच्या दागिन्यांवर दिसतात, आणि सातव्या-आठव्या शतकात इथल्या मठांत येऊन ते फुलले. म्हणजे ज्याला तू मूर्तिपूजकांची गूढ खूण समजतोस, ती चांगली चर्चमध्ये वाढलेली आहे. आणि अमुक गाठीचा अर्थ तमुक, असं कुणा भिक्षूने लिहून ठेवलेलं नाही. तीन टोकांची गाठ तर हस्तलिखितांत रिकामा कोपरा भरायलाही वापरलेली दिसते. कुमारी-माता-वृद्धा ही देवीच्या तीन रूपांची त्रयी रॉबर्ट ग्रेव्ह्ज या इंग्रज कवीने १९४८ साली लोकप्रिय केली, गाठीला ती त्यानंतर चिकटली.

तीन किरणांचं ते 'ड्रुइडांचं', म्हणजे प्राचीन केल्ट पुरोहितांचं, चिन्ह तर बघच. त्यामागे एडवर्ड विल्यम्स नावाचा एक वेल्श पाथरवट आहे. स्वतःला इओलो मोर्गानुग म्हणवायचा, अफूच्या अर्काची सवय होती, आणि जुनी हस्तलिखितं स्वतःच रचून 'सापडली' म्हणून सांगायचा. १७९२ साली लंडनच्या प्रिमरोझ हिलवर दगडांचं वर्तुळ मांडून त्याने 'प्राचीन' कविसंमेलन भरवलं. ते वेल्समध्ये आजही थाटात चालतं! मला हा माणूस फार आवडतो. पण त्याचं चिन्ह दोन हजार वर्षांचं म्हणून हातावर घेऊ नकोस.

तिहेरी वेटोळ्याची गोष्ट उलटी आहे. ते आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजच्या ज्या थडग्यात कोरलंय ते इ. स. पूर्व ३२००च्या सुमाराचं, गिझाच्या पिरॅमिडांहून जुनं. डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आसपास उगवत्या सूर्याचा किरण एकोणीस मीटरांच्या बोळातून थेट आतल्या खोलीत शिरतो. त्या दिवशी आत जायला सोडत काढतात. कोरणारे लोक केल्टांच्या फार आधीचे. त्यांच्या मनात काय होतं ते कुणालाच सांगता येत नाही. तरीही तुझ्या यादीतलं मला सगळ्यात देखणं वाटलं ते हेच.

आणि निळ्या रंगाने गोंदवलेले योद्धे? सीझरने लिहिलंय की ब्रिटन लोक अंग निळं करत, पण त्या मजकुरावरून तो नुसता लेप होता की गोंदण, हे ठरत नाही. असे गाठींचे टॅटू असलेलं प्राचीन केल्ट शरीर काही सापडलेलं नाही.

ज्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे असं हवं असेल तर क्लॅडा घे. गॉलवेजवळच्या कोळ्यांच्या वस्तीतली ही अंगठीची घडण, साधारण १७००च्या सुमाराची. दोन हात म्हणजे मैत्री, हृदय म्हणजे प्रेम, मुकुट म्हणजे निष्ठा. किंवा ऑगम ही जुनी आयरिश लिपी: दगडाच्या धारेवर रेघा मारून खालून वर लिहिलेली. असे चारेकशे दगड आहेत आणि बहुतेकांवर फक्त 'अमक्याचा मुलगा तमका' एवढंच. अक्षरं वीसच आहेत, त्यात तुझ्या आडनावातला 'ळ' शोधू नकोस.

वर्तुळातला क्रॉस मात्र नीट बघून घे. इथल्या मोनास्टरबॉइसच्या जुन्या मठात मुइरेडाकचा दगडी क्रॉस आहे, साडेपाच मीटर उंच, लांब खांबाचा, अंगभर कोरीव कथा. त्या घडणीचा असेल तर हरकत नाही. पण समान बाह्यांचा, साधा, वर्तुळातला क्रॉस युरोपात गोऱ्या वंशवाद्यांनी उचललाय. तू कामासाठी जर्मनीत जातोस, तिथे पोहायच्या तलावावर ते स्पष्ट करत बसणं नको.

माझं मत विचारशील तर दंडाचा पट्टा. पण नेटवरून उतरवलेली गाठ आधी तिच्यावरून बोट फिरवून बघ. पेड एकदा वरून, एकदा खालून, पुन्हा वरून, असा शेवटपर्यंत जायला हवा. सलग दोनदा वरून गेला की समज काढणाऱ्याने नुसतं ढापलंय. जॉर्ज बेन नावाच्या स्कॉटिश चित्रकला शिक्षकाने जुन्या नक्षी तपासून त्या आखायची पद्धत मांडली. आधी ठिपके मांडायचे, मग रेघा फिरवायच्या, आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच. तुझ्याकडचा टॅटूवाला अशी आखणी करून देत असेल तरच त्याच्याकडे जा. दंड सरळ नळकांडं नसतो, वर-खाली घेर बदलतो, त्यामुळे मागच्या बाजूला पट्ट्याची दोन टोकं जुळवणं हीच खरी कसोटी. आणि बारीक करू नकोस. शाई वर्षांनुवर्षं थोडी पसरते. पेडांमधल्या फटी बुजल्या की उरतो काळा डाग. मनगटावरची ती नाण्याएवढी गाठ म्हणूनच नको म्हणतोय.

स्टेन्सिल तयार झालं की सुई लागायच्या आधी फोटो पाठव, मी पेड मोजून देतो. काकूंना नमस्कार सांग. टॅटूचं त्यांना तूच सांग, मी त्या भानगडीत पडणार नाही.

तुझा,
अजित