लायसन्स शंभर सीसीवर काढलेलं, गाडी ४५७ची

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझा भाचा पुण्याला असतो. दोन महिन्यांपूर्वी त्याने एप्रिलिया आरएस ४५७ ही मोटरसायकल घेतली. पहिली सर्व्हिसिंग झाल्यावर तो ती घेऊन फलटणला आला आणि किल्ली माझ्या हातात ठेवत म्हणाला, "मामा, चालवून सांगा कशी वाटते. पण दमानं घ्या, वाटते त्यापेक्षा जास्त पळते." आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा शिल्पनिदेशक म्हणून माझी एकतीस वर्षं गेली. आयुष्यभर इंजिनं उघडली, पण दोन सिलिंडरची इटालियन मोटरसायकल चालवायची ही पहिलीच वेळ. दोन दिवसांत साडेतीनशे किलोमीटर झाले.

इटालियन म्हणायचं, पण ही गाडी बनते आपल्या बारामतीत. कंपनी व्हेनिसजवळच्या नोआले गावची, २००४पासून पियाजिओकडे आलेली. ज्यांच्या आपे रिक्षा आपण रोज रस्त्यावर बघतो, तेच हे लोक. बारामतीतून ही गाडी युरोपातही जाते. २०२३च्या डिसेंबरात गोव्यात तिची किंमत जाहीर झाली, ४ लाख १० हजार, एक्स-शोरूम. माझे काही विद्यार्थी बारामती एमआयडीसीत कामाला आहेत. त्यामुळे टाकीवर हात फिरवताना मला मनापासून अभिमान वाटला, आणि तो मी लपवणार नाही.

स्टार्ट केली की आवाज एका लयीत येत नाही. क्रँकवरच्या, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीचं फिरणं करणाऱ्या दांड्यावरच्या, दोन पिना २७० अंशांवर ठेवल्या आहेत, म्हणून एका सिलिंडरमध्ये स्फोट झाला की २७० अंशांनी दुसऱ्यात होतो, आणि त्यानंतरचा मात्र ४५० अंश थांबून. धड-धड, जरा दम, पुन्हा धड-धड. डोळे मिटून ऐकलं तर व्ही-ट्विनच, म्हणजे इंग्रजी 'व्ही'सारखे दोन सिलिंडर बसवलेलं इंजिनच वाटावं. फळ्यावर मी हे कितीतरी वेळा काढून दाखवलं असेल, पण मांडीखाली ते जाणवणं वेगळंच.

बारामती सोडून मोरगावच्या रस्त्याला लागलो. क्लच दोन बोटांनी ओढला जातो. हँडल दिसतं तेवढं खाली नाही, त्यामुळे कंबर अवघडली नाही, मनगटांवर मात्र भार येतो. तीन-चार हजार आरपीएमला गाडी अगदी गरीब गायीसारखी चालते. सहा हजारांच्या पुढे तिचा स्वभाव बदलतो, पण हिसका बसत नाही, थरथर नाही, वाऱ्याशिवाय काही कळतच नाही. मला वाटलं मी ऐंशीला आहे. स्क्रीनवर बघितलं तर ११२! चाळीस वर्षं दुचाकी चालवणाऱ्या माणसाचा अंदाज तीस किलोमीटरने चुकला, याची मला भीती वाटली.

ती भीती खरी ठरायला वेळ लागला नाही. परतताना दिवेलागणीची वेळ, उसाचा हंगाम. वळणावर पुढे काळोखाचा एक तुकडा दिसला, आणि जवळ गेल्यावर कळलं की तो दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आहे. मागे ना दिवा, ना लाल रिफ्लेक्टर. पाचट लोंबत होतं, त्याने नंबरप्लेटसुद्धा झाकलेली. ब्रेक दाबला तेव्हा एबीएसचे, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, ठोके बोटांना जाणवले आणि गाडी सरळ रेषेत राहून मंदावली. ट्रॉलीतल्या उसाचा आंबूस वास येईपर्यंत मी जवळ गेलो होतो. गाडी चांगली म्हणून वाचलो, आणि तेव्हा नेमका साठच्या आत होतो म्हणूनही. माझ्या तरुणपणी माझा एक मित्र शंभर सीसीवरून थेट दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोकवर बसला होता. तिसऱ्या आठवड्यात असाच उभ्या ट्रॉलीला धडकला. तो परत चालला नाही.

घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली. या इंजिनाची ताकद ४७.६ पीएस (अश्वशक्ती), म्हणजे ३५ किलोवॉट. पेट्रोलसह वजन १७५ किलो. ३५ला १७५ने भागलं, उत्तर बरोबर ०.२. हा योगायोग नाही. युरोपात २०१३पासून 'ए-टू' नावाचं लायसन्स आहे, त्याची मर्यादाच ३५ किलोवॉट आणि किलोमागे ०.२ किलोवॉट. सोळाव्या वर्षी १२५ सीसी, अठराव्या वर्षी परीक्षा देऊन ए-टू, आणि त्याहून मोठी गाडी हवी तर दोन वर्षं ए-टूवर काढून पुढची पायरी. ही गाडी त्या मधल्या पायरीसाठी घडवली आहे.

आपल्याकडे ती पायरीच नाही. माझ्या भाच्याने आठ-नऊ अश्वशक्तीच्या गाडीवर आठचा आकडा काढून दाखवला, त्याला गिअरच्या दुचाकीचं लायसन्स मिळालं. त्यावर तो १०० सीसी चालवू शकतो, ४५७ही आणि हजार सीसीही. जी काळजी इटलीतल्या अठरा वर्षांच्या मुलाची घेतली जाते, तीच काळजी ही गाडी बनवणाऱ्या बारामतीच्या मुलाची का घेऊ नये?

परिवहन खात्याने मोठ्या दुचाकींसाठी वेगळी परीक्षा आणावी, आणि तिच्यात जोरात ब्रेक लावणं व वळण घेणं तपासावं. तोवर प्रत्येक विक्रेत्याने गाडी ताब्यात देण्याआधी एक दिवस मोकळ्या मैदानावर सराव घ्यावा. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर लागलाय की नाही हे बघायला तर नवा कायदाही नको.

भाच्याला मी थांबवून घेतलं आहे. रविवारी सकाळी सहा वाजता आम्ही दोघं मैदानावर जाणार आहोत. साठवरून किती फुटांत थांबतो, ते खडूच्या रेघा मारून मोजायचं आहे.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
फलटण, जि. सातारा